न वळणारी पट्टी

दुपारी ती फ्रेम टांगायला तू भिंतीवर जी ठोकाठोक लावली होतीस ना, तेव्हाच मी बोलणार होतो. गप्प बसलो, कारण म्हाताऱ्याने तोंड उघडलं की तुम्हा पोरांच्या कपाळाला आठ्या पडतात. आता जेवणं झाली आहेत, कुणाला कुठे जायचं नाही, तेव्हा ऐका. दिवा राहू दे चालू. गोष्टीसाठी अंधार करायच्या नाटकाची गरज नाही.

मी भिंतीत खिळा मारायच्या आधी भिंतीला टॉर्च लावून बघतो, आणि तुम्ही मागून हसता, हे मला ठाऊक आहे. हसा. पण ही सवय मला कुठून लागली ते कुणी विचारलं नाही.

माझ्या ओळखीतला एक वायरमन आहे. आहे म्हणतो, कारण माणूस चांगला धडधाकट आहे आणि हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही वेळा एका शब्दाचा फरक नाही. थापाड्याची गोष्ट दर वेळी थोडी फुगते, हे तुम्हाला माझ्यावरून माहीत आहेच. याची फुगली नाही, तिथेच मला घाम फुटला.

त्याला सगळे पट्टीवाला म्हणतात. कारण तो पट्टी लावतो. पट्टी म्हणजे तांब्याची चपटी वायर, जाड कागदाएवढी, रिबिनीसारखी गुंडाळलेली येते आणि मागून चिकट असते. भिंत खोदायची नाही, झिरी पाडायची नाही, घरभर धूळ नाही. सरळ भिंतीवर चिकटवायची, वर बारीक जाळी, जाळीवर पुट्टीचा एक हात, घासून रंग. उद्या घराच्या मालकाला विचारा वायर कुठून गेली, तो आ वासून भिंतीकडे बघत राहतो. म्हणून तर खिळे मारणाऱ्यांचा मला राग येतो.

या पट्टीचा एक नखरा आहे. ती वळत नाही. गोल वायर कशीही वाकवा, वाकते. पट्टी भिंतीवर आडवी वळवायला गेलात की ती सुरकुतते, कड उचलते, हट्टाला पेटते. म्हणून कोपऱ्यावर तिची तिरकी घडी घालायची, कागदाची घालतो तशी, की ती काटकोनात पुढे जाते. पट्टी लावलेल्या भिंतीवर एक तर सरळ रेघ असणार, नाहीतर काटकोन. मधलं काही नसतंच. आणि घडी हीच तिची दुखरी जागा. नवशिके ती नाण्याने घासून घासून सपाट करतात, आत तांब्याला चीर जाते. मग दिवा आज लागतो, उद्या नाही, परवा पुन्हा लागतो.

आणि ती शोधायची कशी? अंधार करायचा आणि टॉर्च भिंतीला गाल लावल्यासारखी चिकटवून धरायची. समोरून प्रकाश टाकलात तर भिंत कोरी दिसते. कडेने टाकलात की भिंतीचा सगळा खोटेपणा बाहेर येतो. पुट्टीचा प्रत्येक हात, प्रत्येक उंचवटा, आणि पट्टीची ती बारीक सरळ रेघ. माझी टॉर्च तिथून आली.

तर या पट्टीवाल्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणायचा, आपणही ताईच म्हणू. ताईच्या घरी ती, तिचा नवरा, म्हणजे पट्टीवाल्याचे भाऊजी, आणि तिचे सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी अंथरूण धरलं होतं. छाती पार कामातून गेलेली, चार शब्द बोलायचे तर मध्ये दोनदा थांबावं लागायचं. हाक मारायची ताकद नाही, आणि हात इतके कापायचे की मोबाईल हातातून निसटून पलंगाखाली. आधी भाऊजींनी बाजारातून एक बिनतारी घंटी आणली. तिची गंमत अशी झाली की शेजाऱ्यांचीही तीच निघाली. शेजारी कुरिअरवाला आला की ताई आबांच्या खोलीत धावायची, आणि आबा म्हणायचे, अगं मी कुठे, मी तर झोपलो होतो. मग पट्टीवाला म्हणाला, मी वायरची लावून देतो, आबांना धुळीचा कणही लागणार नाही.

लावली. आबांच्या उशाशी मोठं बटण. तिथून पट्टी भिंतीवरून दारापर्यंत, दारावर एक घडी, पॅसेजमधून पुढे, ताईच्या खोलीच्या दाराशी दुसरी घडी, आणि आत, ताई झोपायची त्या बाजूच्या भिंतीवर घंटी. जुन्या पद्धतीची, वाटीवर हातोडी आपटणारी. मेलेला उठून बसेल अशी वाजायची. पट्टीवाला स्वतःच्या कामावर इतका खूष होता की जाताना भिंतीवरून हात फिरवून गेला.

पावसाळा गेला, थंडी आली. रात्रीत दोनदा, तीनदा घंटी वाजायची, आणि ताई उठायची. कधी पाणी, कधी उशी, कधी नुसतंच, कोणी आहे का बघायला. एकदा पट्टीवाला भेटायला गेला तेव्हा ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या डुलकी घेत होती. त्याने हलवलं तर म्हणाली, "एक रात्र रे. एकच रात्र मला कुणी हाक मारू नये. एवढंच मागणं आहे बघ." आणि हसली. तोही हसला. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं, आणि राहू नये तसं राहिलं.

जानेवारीच्या शेवटी आबा गेले. रात्री गेले, सकाळी कळलं. ताई चहा घेऊन गेली तेव्हा ते कुशीवर वळलेले होते आणि अंगठा बटणावर होता. नुसता टेकलेला नव्हे. दाब सुटला तरी तिथेच आखडलेला. भाऊजींनी तो सोडवला.

ताई म्हणाली, "घंटी वाजली नाही."

भाऊजी उठले, सगळ्यांसमोर बटण दाबलं. घरभर खणखणीत आवाज झाला. मग भाऊजींनी नुसतं ताईकडे बघितलं. तेवढं पुरलं. दिवस गेले तसं ते बघणं वाढत गेलं. नणंद यायची तीही तसंच बघायची. ताईने आपलं अंथरूण हॉलमध्ये आणलं. भाऊजी एकदाच बोलले म्हणे, "मी मेल्यासारखा झोपतो हे तुला माहीत आहे. घंटी तुझ्या उशाशी होती."

आणि मग त्यांनी पट्टीवाल्याला फोन केला. आवाज अगदी सभ्य. "रविवारी मोठे काका आणि माझी बहीण येणार आहेत, काय तो सोक्षमोक्ष लावायला. त्याआधी येऊन तुझी वायर एकदा तपास. दोष वायरचा असेल तर तसं सांगू. नसेल तर... तू तुझ्या बहिणीला घेऊन जा."

आता बघा त्याची कोंडी. पट्टी तुटलेली निघाली तर दोष त्याचा, एका म्हाताऱ्या माणसाचा जीव त्याच्या घडीने घेतला. पट्टी धड निघाली तर घंटी वाजली होती, आणि ताईने ती ऐकून कूस बदलली. त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. पट्टी धड आहे हे त्याला घरी बसूनच ठाऊक होतं. त्याच्या घड्या फुटत नाहीत. म्हणजे मग ताई...

तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. त्याऐवजी एक बेत केला. रात्री, सगळे झोपले की, ताईच्या दाराजवळची घडी उघडायची. पक्कडीने दाबून आत तांब्याला चीर पाडायची. सकाळी मीटर लावून सगळ्यांना दाखवायचं: ही बघा, घडी फुटली आहे, धरते-सोडते आहे, चूक माझी. धंदा बसेल, बसू दे. बहीण तर उजळ माथ्याने घरात राहील. वाईट बेत नव्हता. मी असतो तर मीही तोच केला असता.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी तो स्कूटरवर पिशवी लावून पोचला. भाऊजींनी दार उघडलं, बूट नीट ठेवायला सांगितले, पाणी दिलं. डोळे सुजलेले. मेल्यासारखा झोपणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात, हे पट्टीवाल्याच्या लक्षात आलं. त्याने ते मनात ठेवलं. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, अर्धी झालेली. "आलास," एवढंच म्हणाली. जेवताना तिघांपैकी कुणी मान वर केली नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे, ते कळत नव्हतं.

जेवण झाल्यावर त्याने भाऊजींसमोर घंटीचा अडॅप्टर सॉकेटमधून काढला, टेबलावर ठेवला, आणि दोन्ही टोकांना मीटर लावला. मीटर बीप झाला. स्वच्छ, एकसारखा.

"म्हणजे धड आहे," भाऊजी म्हणाले. सुटल्यासारखे म्हणाले की धसकल्यासारखे, ते त्याला ठरवता येईना.

"आत्ता धड दिसते," पट्टीवाला म्हणाला. "घडीत चीर असली तर कधी कळते, कधी नाही. अंधारात टॉर्च लावून बघावं लागेल. तुम्ही झोपा. मी आबांच्या खोलीत पडतो."

"त्या खोलीत?"

"का? काही अडचण आहे?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "तुझी मर्जी."

अकराच्या सुमाराला घर निजलं. चंद्र नव्हता, गल्लीतला दिवा बरेच दिवस बंदच होता. पट्टीवाला आबांच्या पलंगावर बसला. गादी गुंडाळून ठेवलेली, नुसत्या फळ्या. उशाशी ते बटण. तो त्याच्याकडे बघत नव्हता. बघितलं नाही तरी आहे हे कळत होतं. त्याने टॉर्च लावली आणि भिंतीला चिकटवली.

रेघ दिसली. त्याचीच. सरळ, ओळंब्यात. दारापर्यंत गेली, काटकोनात वळली, घडीचा तिरका चौकोन अगदी त्याच्या हातचा. तो पॅसेजमध्ये आला. रेघ पुढे, तोही पुढे. हॉलमध्ये ताई झोपलेली, तोंडावरून पांघरूण घेतलेलं. तो पाय न वाजवता दुसऱ्या घडीपाशी पोचला, पिशवीतून कटर काढला, टॉर्च दातात धरून वाकला.

तिथे दोन रेघा होत्या.

एक त्याची. घडी घालून काटकोनात आत गेलेली. आणि दुसरी त्याच्या घडीतून फुटलेली. त्याला पहिल्यांदा भीती वाटली नाही, राग आला. त्याच्या पट्टीला कुणीतरी दुसरा फाटा जोडला होता. म्हणजे मध्ये कुठेतरी स्विच. म्हणजे घंटी मुकी करायची सोय. आणि ती करणारा माणूस दाराच्या आत झोपला होता. त्याला एकदम हायसं वाटलं, ताईचा दोष नव्हता. आता पुरावा हाती आला की सकाळी काका, नणंद, सगळ्यांच्या तोंडावर मारायचा. तो फाट्याच्या मागे निघाला.

निघाला, आणि चार बोटांवर थांबला.

फाटा वळला होता.

घडी नव्हती. सुरकुती नव्हती. हातावरची शीर मनगटाशी वळते, तसा हलकेच... वळून पुढे गेला होता. पट्टी अशी वळत नाही. मी मघाशी सांगितलं ना... वळतच नाही. त्याने बोट फिरवलं. बोटाला काही लागेना. भिंत सपाट. टॉर्चमध्ये मात्र रेघ तशीच, तिची सावली तशीच. त्याने कटरचं टोक तिच्यावर ओढलं. पुट्टी सांडली. जाळी नाही. तांबं नाही. खाली नुसतं प्लास्टर. आणि त्या खरवडलेल्या जागेवरूनसुद्धा रेघ तशीच पुढे गेलेली.

शहाणा माणूस असता तर परत फिरला असता. पण त्याचा संशय भीतीहून मोठा होता. खोलीचं दार उघडंच होतं. तो आत गेला.

घंटी होती तिथेच, ताईच्या रिकाम्या बाजूला. त्याची पट्टी तिच्यात संपलेली. ही दुसरी रेघ मात्र थांबली नव्हती. घंटीला वळसा. पलंगाच्या मागून. भाऊजींच्या बाजूला.

तो भिंत धरून सरकला.

भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. उजवा हात वर. तळवा भिंतीला टेकलेला. लहान मुलं झोपताना टेकवतात, तसा... नाही. तसा नाही. दाबलेला.

रेघ त्या तळव्याखाली जात होती.

पलीकडे निघत नव्हती.

आणि तळवा थरथरत होता. बारीक. एकसारखा.

पट्टीवाल्याने टॉर्च वर केली. भाऊजींचे डोळे उघडे होते.

"दिसली?" ते म्हणाले. हळूच. हॉलमध्ये कुणी जागं होऊ नये अशा आवाजात.

पट्टीवाल्याने टॉर्च पुन्हा त्या तळव्यावर आणली.

"आधी त्या खोलीत होती. मग पॅसेजमध्ये. रोज थोडी... रोज. मी रात्री टॉर्च लावून बघायचो. तुझ्यासारखाच." ते थांबले. "आज पोचली."

"हात उचला, भाऊजी."

"नाही."

"उचला हो..."

"नाही रे. उचलला तर वाजेल."

पट्टीवाला टॉर्च धरून तिथेच उभा राहिला. पट्टीवाल्याने मला सांगितलं की त्या वेळात त्याला सगळं कळलं होतं, तरी त्याला ते ऐकायचं होतं.

"वाजली होती," भाऊजी म्हणाले. "तुझी ताई नुकतीच पडली होती. दुसऱ्या वेळची उठून आली होती... मला वाटलं, पाणीच मागत असतील. मला वाटलं, हिला जरा झोपू द्यावं. मी जातो. मी पलीकडे वाकून हात ठेवला घंटीवर. गच्च धरली. वाटलं, थांबेल. थांबली की जाऊ. ती हातात..." ते पुन्हा थांबले. "खूप वेळ, रे. खूप वेळ थरथरत होती. आणि मग... थांबली. मला बरं वाटलं. मी झोपलो."

दारात काहीतरी हललं. ताई उभी होती. पांघरूण अंगाभोवती तसंच. किती वेळ उभी होती कोण जाणे. रडत नव्हती. ती पुढे आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"मला उठवायचं होतं ना. मी उठले असते."

मग तिने त्यांचं मनगट धरलं, आणि तळवा भिंतीवरून उचलला.

घंटी वाजली.

अडॅप्टर टेबलावर पडलेला होता. पट्टीवाल्याने स्वतः काढून ठेवलेला. बटणापाशी कुणी नव्हतं, त्या खोलीत कुणीच नव्हतं. घंटी वाजत होती. हातोडी वाटीवर आपटताना त्याला टॉर्चमध्ये दिसत होती. पुरुषासारखे पुरुष, दोघेही जागच्या जागी थिजले. भाऊजींनी दोन्ही हातांनी कान झाकले.

आणि ताई?

ताई पळाली. बाहेर नव्हे. आबांच्या खोलीकडे. रोज पळायची तशी, अनवाणी, पांघरूण वाटेत टाकून, अंधारात कुठेही न धडपडता. त्या रिकाम्या खोलीतून तिचा आवाज आला. "आले, आबा. आले."

घंटी थांबली.

त्यानंतर पट्टीवाल्याने टॉर्च पुन्हा भिंतीला लावली. एकच रेघ होती. सरळ, घडीच्या काटकोनात वळणारी, त्याची स्वतःची.

सकाळी मोठे काका आणि नणंद आली. भाऊजींनी कुणाला विचारू दिलं नाही, पाणीही पिऊ दिलं नाही, दारातच सगळं सांगून टाकलं. नणंद मटकन खाली बसली. ताईबद्दल पुन्हा कुणी ब्र काढला नाही. पण ताई तोवर पिशवी भरत होती. पट्टीवाला तिच्याजवळ जाऊन बसला. त्याला वाटत होतं, आपण किती काय करणार होतो हे तिला कळावं, बरं वाटेल. त्याने घडीचा बेत सांगितला. कटर, पक्कड, चीर, सगळा दोष अंगावर घेणं.

ताईने साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुलाही तसंच वाटलं होतं."

मला सांगताना तो दोन्ही वेळा इथेच अडकला, आणि दोन्ही वेळा मीच विषय बदलला. ती त्याच्या घरी न जाता मावशीकडे राहायला गेली. पट्टीवाल्याने त्या घरातली सगळी पट्टी खरवडून काढली, भिंती नव्याने रंगवून दिल्या. भाऊजी दर आठवड्याला मावशीच्या दारात जाऊन उभे राहायचे, बोलावलं तर आत, नाहीतर परत. पावसाच्या आधी ताई परत आली. का आली ते तिचं तिला ठाऊक. रात्री ती आता त्या खोलीत झोपते, आबांच्या, एकटी, दार लावून, आणि सलग झोपते म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, काका, दमलेली माणसं, जागरणं, मनाचे खेळ. म्हणा. मीही तसंच म्हणत होतो.

गेल्या वर्षी पट्टीवाल्याच्या घरी मी चहाला गेलो होतो, तिथे भाऊजी भेटले. भला माणूस, हळू बोलणारा. उजवा हात खिशात. मी आपला सवयीने हात पुढे केला, त्यांनी डावा काढला. मी म्हटलं, असं कसं, आणि चेष्टेत त्यांचा उजवा हात खिशातून ओढून दोन्ही हातांत धरला.

हात कापणं काय असतं हे मला कुणी शिकवायला नको, चहाचा कप माझ्याही हातात वाजतो. ते वेगळं. त्यांचा हात स्थिर होता. बोटं स्थिर होती. थरथर आत होती... तळव्यात, हाडाच्या आत, बारीक, एकसारखी. मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. आणि पुन्हा सुरू झाली. थांबली. सुरू झाली. पलीकडे कुणीतरी बटण सोडून पुन्हा दाबत असावं, अशी.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी हात सावकाश काढून घेतला, खिशात ठेवला, आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलला.